‘काळा’ शब्दाचं कार्ड

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत ‘काळा’ या एका शब्दाने तीन महिने उच्छाद मांडला होता. काळा पैसा, काळा बाजार, काळी यादी, तोंड काळं करणं, काळ्या दगडावरची रेघ. अर्थ काही संपेनात, आणि खंड तर आज पाचला छापखान्यात जायचा होता.

त्यात दोन म्हातारे तज्ज्ञ. एक म्हणे, हा रंग आणि वेळ या अर्थाचा ‘काळ’ एकाच धातूतून आले. दुसरा म्हणे, काडीचाही संबंध नाही, रंगाचा शब्द शेजारच्या भाषांतून आला. सकाळपासून माझ्या टेबलाशी उभे राहून दोघे एकमेकांची अक्कल काढत होते. शेवटी ‘व्युत्पत्ती अनिश्चित’ असं लिहून मी दोघांनाही वाटेला लावलं. आता दोघेही माझ्यावर रुसलेत. रुसोत बापडे.

मला खरं छळत होतं ते चौथ्या अर्थाचं कार्ड: ‘सावळ्याहून गडद वर्णाचा’. आमच्याकडे नियम असा, की प्रत्येक अर्थाला कुणीतरी खरोखर बोललेलं वाक्य हवं. ते कधी आणि कोण बोललं तेही कार्डावर हवं. कार्ड लिहिणाऱ्याचं स्वतःचं वाक्य चालत नाही. या कार्डावर बाबांचं अक्षर होतं, कारण तेही इथेच नोकरीला होते. ‘मुलगी काळी आहे, आता हिचं कसं होणार!’ बोलणारी: पत्नी. तारीख माझ्या जन्माच्या दुसऱ्या दिवसाची.

हे कार्ड मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी सापडलं. त्याला अकरा वर्षं झाली. बाबा त्याआधीच गेले होते. त्यांचं नाव निघालं की मी भरभरून बोलते, आणि आईने नुसतं पान वाढलं तरी राग येतो. तिच्याशी मी कामापुरतं बोलते.

जुन्या कार्डावरचं माणूस हयात असेल, तर छापण्याआधी त्याला विचारायचं, हाही आमचा नियम. साडेतीनला संपादकबाईंनी ते कार्ड माझ्यापुढे आपटलं.

“अहो, तुमच्याच आईचं वाक्य, आणि नेमकं तेवढंच विचारायचं राहिलंय? एका फोनला मुहूर्त हवाय का?”

चरफडत मी फोन लावला आणि आईला वाक्य वाचून दाखवलं.

“मी म्हटलं?” आई कडाडली. “तुझे बाबा म्हणाले ते, तुला पहिल्यांदा बघून! मी चिडले, तर हे खिशातून कार्ड काढून लिहायला बसले. वाक्य चांगलं साधलंय म्हणे. स्वतःचं चालत नाही, म्हणून दिलं माझ्या नावावर खपवून.”

मी कार्डावरचं बाबांचं अक्षर पुन्हा पाहिलं. “मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, काळी तर काळी, माझी आहे. कुणाच्या बापाचं काय जातं? तुझ्या बापालाच म्हटलं. ते नाही लिहिलं त्यांनी.”

बाबांच्या कार्डावर मी लाल रेघ मारली. नवं कार्ड घेतलं, आजची तारीख घातली, आईचं वाक्य लिहिलं. लाजेने मान वर होत नव्हती.

“पण तुला हे कधी सापडलं?” आईने विचारलं.

मी सांगितलं.

“अकरा वर्षं,” ती म्हणाली. “अगं, एकदा विचारायचंस तरी.”