काळ्याचा मागून काढलेला फोटो

राणीसावरगावच्या शालूला बोकड विकायचा होता, पण खाटकाला मात्र बिलकुल द्यायचा नव्हता. काळ्याला जन्म देऊन त्याची आई मेली, तेव्हापासून शालूनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. आता गडी दणकट झालेला. घरच्या कळपात पैदाशीला ठेवावा, तर सगळ्या त्याच्या बहिणीच! तिचा नवरा अंगद साफ म्हणाला, "पैदाशीला कुणी नेला तर ठीक. न्हाईतर येत्या बाजारात खाटकाला देतो."

मग काय, शालूनं मोबाईल घेतला. बाई मुळातच हौशी! काळा बोकड उन्हात नुसता डागासारखा यायला लागला, म्हणून तिनं फोटोत उजेड वाढवला. मागचा उकिरडा पुसून हिरवा डोंगर लावला. फोटो झकास झाला, पण एक पंचाईत होती. काळ्याचं बोकडपण मागं ठळक दिसत होतं, आणि शेळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुलत सासरे तात्याराव होते. त्यांच्यापुढं शालू डोक्यावरचा पदर ढळू देत नसे. तिनं त्या जागी टपोरं गुलाबाचं फूल चिकटवलं आणि फोटो टाकून दिला.

फोन आले की! सहा आले, अन् सहाही खाटकांचे. "वजन किती?" यापलीकडं कुणी बोलेना. शालू रडकुंडीला आली.

"बघू गं, काय टाकलंस," सासू बानूबाई म्हणाली. तिनं फोटो पाहिला आणि हसता हसता खालीच बसली. "अगं येडे! पैदाशीवाला आधी तेच बघतो. तू फूल लावलंस, लोकांला वाटलं बोकड खच्ची केलेला हाय. तसला खाटकाबिगर कोण नेणार?"

"पण आत्या, तात्या मामंजी हायत तिथं!"

"त्याचा जलम शेळ्यांमागं गेला. त्याला काय नवीन हाय?"

शालूचे कान तापले. पण बाजार दोन दिवसांवर आलेला, आणि काळ्या आपला खुशाल तिचा पदर चघळत उभा. शरम धरून बसलं तर हा जायचा जिवानिशी. "धरा त्याला," ती म्हणाली.

बानूबाईनं शिंगं धरली. शालूनं मागं बसून फोटो काढला. डोंगर न्हाई, फूल न्हाई, उकिरडासुद्धा तसाच. खाली लिहिलं, 'पैदाशीचा बोकड. खच्ची केलेला नाही. शालू.' फोटो पाठवला आणि मोबाईल पालथा घातला.

पहिलं उत्तर तात्यारावांचंच आलं. 'जातिवंत हाय. आमच्या सुनेनं वाढवलाय. जिम्मेदारी माझी.'

शालूनं ते दोनदा वाचलं. तेवढ्यात बोरीच्या हरिओमचा फोन आला. "ताई, माझ्याकडं चाळीस शेळ्या हायत. उद्या गाडी घेऊन येतो. कुणाला देऊ नका बरं."

शालूनं काळ्याच्या गळ्यात हात टाकले. एकीकडं हसायली होती, एकीकडं डोळे पुसायली होती.

"रडतीस कशाला?" बानूबाई म्हणाली. "लेकाचं लगीन जमलं, तेबी चाळीस बायकांसंगं!"