कोपराखालचा हात

वल्लरीने कॅमेऱ्याच्या पाठीतली, फिल्म झाकणारी पातळ पत्र्याची पट्टी ओढून काढली, दातांत धरली आणि ट्रायपॉडवरच्या चौकोनी काचेत मान खाली घालून पाहिलं. काचेत पाण्याच्या टाकीची चुना दिलेली पांढरी भिंत होती, भिंतीपुढे प्लॅस्टिकचं स्टूल होतं आणि स्टुलावर निनाद बसला होता.

"आई, तू फोटो काढतेयस की तांदूळ निवडतेयस?"

दातांत पट्टी असल्यामुळे ती नुसतीच हुंकारली. कॅमेराच तसला होता. डोळ्याला लावायचा नाही, विहिरीत डोकवावं तसं वरून आत डोकवायचं. आत सगळं डावं-उजवं उलट. निनाद डावीकडे कलला की काचेतला निनाद उजवीकडे कलायचा, आणि तिचा हात सवयीने भलत्याच बाजूला सावरायला निघायचा.

तिने पट्टी दातांतून काढली. "चल, उभं राहायचं?"

"मतलब, आता खरा?"

"आता खरा."

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. गच्चीभर मांजाचे तुकडे पडले होते. निनादच्या पायांत काही अडकू नये म्हणून तिने सकाळी आधी सगळी गच्ची झाडून घेतली होती, कोपरा न् कोपरा. मग त्याला पाठुंगळी घेऊन जिना चढली होती. नऊ वर्षांचा मुलगा पाठुंगळी. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दारातून पाहिलं होतं आणि बिचाऱ्या लगेच आत गेल्या होत्या.

कॅमेरा जयपूरच्या किशनपोल बाजारातल्या रामावतारजींचा. त्यांनी स्टुडिओ डिजिटल केला, तेव्हा हा जुना जपानी कॅमेरा, दोन लेन्स, फिल्म भरायची दोन सुटी घरं, ट्रायपॉड आणि दुरून फोटो काढायची, टोकाला फुगा असलेली लांबलचक रबरी नळी असं सगळं एका पेटीत घालून त्यांनी काउंटरखाली सरकवलं होतं. लग्नघरं आता सीडी मागत होती. एका साध्या मोबाइलच्या पैशांत पेटी वल्लरीच्या घरी आली.

"घरात डिजिटल असताना?" तिच्या नवऱ्याने, वरुणने विचारलं होतं.

त्याला काय सांगणार? विमा कंपनीतून दमून आला तरी तो निनादचे रोज फोटो काढायचा. पण पडलेला, वाकलेला, भिंत धरलेला निनाद तो तिथल्या तिथे पुसून टाकायचा. बटण दाबलं की संपलं. त्या कॅमेऱ्यातला निनाद कायम सोफ्यात बसून हसत असायचा. तो पाहून कुणालाही वाटलं असतं, एवढा गुणी मुलगा, एका जागी बसणारा.

वल्लरीला एक फोटो हवा होता. उभ्या निनादचा. कुणालाही न धरता, स्वतःच्या पायांवर. भिंतीवर लावण्याएवढा मोठा, आणि बटण दाबून पुसता न येणारा.

घाई होती. डॉक्टरांनी दिवाळीच्या सुमारास सांगितलं होतं, पुढच्या दिवाळीला चाकांची खुर्ची लागेल. स्नायूंचा आजार. मुलग्यांना होतो, आईकडून येतो. हे शेवटचं वाक्य डॉक्टर समोरच्या कागदाकडे बघून म्हणाले होते. सांगलीहून सासूबाई तेच वाक्य फोनवर म्हणाल्या, कागदबिगद न बघता.

तिने नळीचा फुगा उजव्या मुठीत घेतला. निनादच्या काखेत हात घालून त्याला उठवलं. तो आधी तिच्या खांद्यावर भार टाकून टाचा उचलत उभा राहिला, मग पोट पुढे काढून त्याने आपला तोल कुठेसा शोधला. शाळेचा पांढरा शर्ट तिने मुद्दाम इस्त्री केला होता. ती त्याच्या बाजूला, फोटोच्या चौकटीबाहेर सरकली. डाव्या हाताची दोन बोटं तेवढी त्याच्या कोपराखाली राहिली.

"एक-दोन-तीन म्हणते. तीनला हात सोडते. घाबरायचं नाही."

"मी कुठे घाबरतोय?"

"एक. दोन. तीन."

तिने फुगा दाबला. कॅमेरा धाडकन वाजला.

"सोडला होतास?" निनादने विचारलं.

"सोडला होता," ती म्हणाली, आणि दोघांनीही त्याच्या कोपराखाली अजून असलेल्या तिच्या बोटांकडे पाहिलं.

निनाद हसत सुटला. "खोटारडी!"

एका रोलवर बारा फोटो. दरवेळी त्याला स्टुलावर बसवायचं, कॅमेऱ्यापाशी जायचं, बाजूची मूठ फिरवून फिल्म पुढे घ्यायची, पुन्हा यायचं, पुन्हा उठवायचं. चौथ्या फोटोला तिला घाम फुटला होता, जयपूरच्या जानेवारीत. सातव्याला निनादचे ओठ पांढरे पडले, तरी तो म्हणाला, "चल ना, अजून एक. या वेळी खरंच सोड हां." प्रत्येक तीनला ती ठरवायची आणि प्रत्येक तीनला बोटं तिथेच. मेंदू सांगत होता, बोटं ऐकत नव्हती. नऊ वर्षं त्यांना हेच तर शिकवलं होतं.

अकराव्यानंतर ती कॅमेऱ्यापाशी जरा जास्तच वेळ उभी राहिली.

"आई, तू नं तिकडे बघ," निनाद म्हणाला. "नाहरगढ बघ. माझ्याकडे बघू नकोस. मतलब, तू बघतेस म्हणून तुला सोडता येत नाही."

तिने ऐकलं. बाराव्या वेळी त्याला उभं केलं, मान वळवली, डोंगरावरच्या किल्ल्याकडे पाहिलं आणि तीनला हात काढून घेतला.

एक क्षण काहीच झालं नाही. अगदी काहीच नाही. फुगा दाबायचा तो हाच क्षण, हे तिला कळलं. पण दाबायच्या आधी तिने वळून पाहिलं. निनाद उभा होता. कुणीही धरलेलं नव्हतं, आणि तो तिच्याकडे बघून तोंडभर हसत होता. मग त्याचा गुडघा आतून कुणी दोरी कापावी तसा गेला. तिने दोन्ही हात पुढे टाकले. मुठीतला फुगा कधी दाबला गेला आणि कॅमेरा कधी वाजला, ते तिला कळलं नाही.

घोटा मुरगळला होता. हाड शाबूत. तीन आठवडे पाय टेकवायचा नाही, असं हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं. नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला. "अशा मुलांनी एकदा अंथरूण धरलं, की मग परत उभं राहणं..." एवढंच ते म्हणाले.

तीन आठवड्यांनी घोट्याला बांधलेला पट्टा सुटला. सूज उतरली होती, दुखत नव्हतं. वरुणने एका बाजूने धरलं, वल्लरीने दुसऱ्या बाजूने. निनादने टाचा उचलल्या, पोट पुढे काढलं आणि तोल शोधला. तोल जिथे असायचा तिथे आता काही नव्हतं. दोघांनी हात घट्ट केले नसते तर तो धोतराच्या घडीसारखा खाली बसला असता.

"सवय मोडलीये नुसती," वरुण म्हणाला. "रोज थोडं-थोडं करू. येईल."

फोटो काढताना पडला, हे वल्लरीने त्याला त्याच दिवशी सांगितलं होतं. त्याने नुसती निनादच्या पायाखाली उशी सरकवली होती. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला रोज एकदा तरी वाटायचं. दिवाळीपर्यंतचे नऊ महिने होते हातात. ते तिने एका सकाळीत खर्चून टाकले होते.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी वरुण घरी होता, तेव्हा ती रोल घेऊन किशनपोलला गेली. टाकून द्यावा असं दहादा मनात आलं होतं. पण निनादनेच विचारलं, "आपले फोटो कधी येणार?"

रामावतारजींनी रोल हातात घेऊन वजन केल्यासारखा पाहिला. "अरे वाह! किसी ने तो चलाया. मैं समझा था पेटी आपके यहाँ भी पलंग के नीचे जाएगी." मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहून म्हणाले, "बच्चा कैसा है, भाभीजी?"

"ठीक आहे. मतलब, ठीक है," ती म्हणाली.

"बुधवार को आओ सा. अपने हाथ से धोऊँगा."

बुधवारी वरुणने दुपारची रजा टाकली, निनादपाशी बसायला. ती दुकानात शिरताच रामावतारजींनी काउंटरवरचा कॉम्प्युटर बाजूला सरकवला आणि आतून एक मोठा लिफाफा आणला. देवाचा प्रसाद काढावा तसा दोन्ही हातांनी त्यातला फोटो काढून तिच्यापुढे ठेवला.

निनाद उभा होता.

पांढऱ्या भिंतीपुढे, इस्त्रीच्या शर्टात. चेहरा थोडा वर, ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत तो नेहमीचा खट्याळपणा. चौकोनी कागदावर त्याची एकेक पापणी मोजून घ्यावी. दोन्ही हात दोन्ही बाजूंना मोकळे. आजूबाजूला कुणी नाही. भिंत, ऊन आणि स्वतःच्या पायांवर निनाद.

तिने काउंटरची कड धरली. क्षणभर तिला खरंच वाटलं, की अकरापैकी एकदा तरी तिने सोडला होता.

मग तिने फोटो उजेडाकडे तिरका केला. कोपराखालची भिंत बाकीच्या भिंतीपेक्षा किंचित सपाट होती. चुन्याचे पोपडे तेवढ्या जागी नव्हते.

"हाथ?" तिने विचारलं.

रामावतारजी लाजल्यासारखे हसले. "पकड़ लिया आपने! और कोई नहीं पकड़ता. वो तो हमारा रोज़ का काम था, भाभीजी. छोटे बच्चे को माँ पकड़ के रखती है, हाथ आ जाता है फ़ोटू में. चालीस साल माँओं के हाथ ही निकाले हैं. निगेटिव बड़ी हो तो ब्रश चलता है. अब तो सब ये," त्यांनी कॉम्प्युटरकडे हनुवटी उडवली, "इसमें क्या मज़ा? तीन दिन लगे. हाथ काँपता है अब."

"निगेटिव्हवरच केलंत?"

"निगेटिव पे ही. अब जितनी बार निकलवाओ, बच्चा अकेला खड़ा मिलेगा."

तिला काहीतरी बोलायचं होतं. मी सांगितलं नव्हतं, असं. किंवा, तो माझा हात होता. पण म्हाताऱ्याच्या बोटांवर अजून निगेटिव्हवर लावायच्या लाल शाईचे डाग होते आणि तो शाबासकीची वाट बघत उभा होता.

"बहुत अच्छा बना है," ती म्हणाली.

बाकीचे फोटो त्यांनी छोट्या आकारात काढून वेगळ्या पाकिटात घातले होते. त्यांना हातही लावलेला नव्हता. रिक्षात बसल्यावर तिने ते उघडलं. दहा फोटोंत दहा वेळा तिची बोटं, कोपराखाली. कुठे निनाद डोळे मिटून, कुठे हसत सुटलेला. एकात तिची बांगडीही आली होती. अकराव्या कागदावर नुसता पांढरा-काळा फराटा होता आणि त्यात कुणाचा तरी पाय. सांगानेरी गेटापाशी रिक्षा थांबली, तेव्हा तिने ते सगळे पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवले. घरी गेल्यावर वरुणला पुसलेल्या हाताचं सांगायचं, हे तिने तिथेच ठरवलं. लिफाफा देतानाच सांगायचं. उशीर करायचा नाही.

पण वरुण दारातच उभा होता. त्याने तिच्या हातातून लिफाफा घेतला, चप्पल काढायलाही तिला वेळ दिला नाही. फोटो बाहेर काढून बघत-बघत आत आला. मग एकदम खाली बसला, सोफ्यापाशी, जमिनीवर, निनादच्या पायांशी.

"हे बघ," तो म्हणाला. त्याचा आवाज तिने इतक्या दिवसांत असा ऐकला नव्हता. "हे बघ वल्लरी, एकटा उभाय की! कुठे धरलंय कुणी? मी म्हणत नव्हतो? आईला सांगलीला पाठवतो एक. त्या डॉक्टरला नेऊन दाखवतो. दीड महिन्यापूर्वी असा उभा होता पोरगा, दीड महिन्यात काय होतंय असं? होईल परत. का रे निन्या? होईल ना?"

"वरुण," वल्लरी म्हणाली. तिचा हात पर्समध्ये गेला होता. बाकीच्या फोटोंचं पाकीट अर्धं बाहेर आलं होतं.

वरुणने फोटो निनादपुढे धरला. निनादने तो नीट पाहिला. चेहरा पाहिला, बूट पाहिले. मग त्याचं बोट कोपराखालच्या त्या सपाट जागेवर गेलं आणि तिथे थांबलं. त्याने मान वर करून आईकडे पाहिलं. तिथून बाबाकडे. बाबाच्या चेहऱ्याकडे तो सगळ्यांत जास्त वेळ बघत राहिला.

"किती वेळ उभा होतास रे असा?" वरुणने विचारलं.

"खूप वेळ," निनाद म्हणाला. "मतलब, मोजलं नाही."

वल्लरीने पाकीट आत सरकवलं आणि पर्सची चेन आवाज न करता ओढून घेतली.