उपकेंद्राचं उरलेलं आयुष्य

अभियंता लालासाहेबांनी छताला हातोडी लावली. पोकळ आवाज आला आणि तळहाताएवढा गिलावा थेट बाळंतपणाच्या टेबलावर पडला.

"बगितलं न्हवं?" क्रांती सिस्टर चादर झटकत कडाडल्या. "पाच वर्सांत तिसऱ्यांदा आलाय तुमी. ठोकताय, फोटू काढताय, जाताय. हितं बाळंतीण झोपवू का नको, तेवढं एकदा सांगा की!"

लालासाहेब चिडले, पण कुणावर चिडावं तेच कळेना. विट्याजवळचं हे आरोग्य उपकेंद्र पन्नास वर्षं टिकायचं होतं. एकोणीस वर्षांतच सळ्या गंजून फुगल्या होत्या. मागच्या दोन्ही तपासणी अहवालांत त्यांनी 'तपासणी आवश्यक' एवढंच लिहिलं होतं. कारण बांधकामावर देखरेख त्यांचीच होती. ठेकेदारानं सळ्या गंजू नयेत म्हणून सोडायचं अंतर न सोडता, त्या खालच्या फळ्यांना चिकटवूनच काँक्रीट ओतलं, हे त्यांनी तेव्हा पाहिलं होतं. मार्चअखेर होती. बिलावर सही केली.

वरिष्ठांचा फोन आला. "उरलेलं आयुष्य वीस वर्षं टाका. शून्य टाकलंत तर चौकशी लागेल, आणि पहिलं नाव तुमचंच निघेल. निवृत्तीला चारच महिने राहिलेत. कशाला उगाच?"

तेवढ्यात गावातल्या रंगूबाई सुनेला धरून दारात आल्या. "सिस्टर, कळा सुरू झाल्यात. आत घेऊ का?"

"आत नको!" लालासाहेब ओरडलेच. त्यांनी फोन बंद केला, अहवालाचा फॉर्म मांडीवर घेतला आणि लिहिलं : शून्य. खाली लिहिलं : देखरेख माझी होती. आणि सही केली.

"आता केलीसा व्हय सही?" सिस्टर वैतागून म्हणाल्या. "आन् हिला कुठं न्यायची?"

"माझ्या गाडीतनं. विट्याला."

वाटेत प्रत्येक खड्ड्याला सिस्टर मागून रागावत होत्या. ग्रामीण रुग्णालयात पोचल्यावर अर्ध्या तासात मुलगी झाली.

पुढच्या आठवड्यात उपकेंद्राला कुलूप लागलं आणि लालासाहेबांना सांगलीहून नोटीस आली. चौकशी अधिकारी भला माणूस होता. "चूक तेव्हा तुमच्या लक्षात आली नव्हती, असं लिहू ना?"

"आली होती."

जबाब लिहून घेणाऱ्या कारकुनाची बोटं थांबली. त्यानं चौकशी अधिकाऱ्याकडं बघितलं.

"लिहा की," लालासाहेब म्हणाले, आणि त्याचं लिहून होईपर्यंत टेबलापाशी उभेच राहिले.