बावीस अक्षरं मागे

मी कर्सर हलवते. पोटापाण्याचा उद्योग तोच. पडद्यावर जी उभी रेघ लुकलुकत असते, ती बाणाचं बटण दाबल्यावर कुठे जावी, ओळ संपली की काय करावं, खालची ओळ तोकडी असेल तर कुठे टेकावं, हे ठरवायला आमच्या ऑफिसात आम्ही दोघी आहोत आणि दोघींनाही दिवस पुरत नाही. आत्याने एकदा विचारलं होतं, "एवढीशी रेघ, तिला हलवायला माणूस कशाला लागतं?" मी समजावून सांगायला बसले आणि तिला डुलकी लागली. तेव्हापासून नातेवाइकांना मी 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढंच सांगते.

बाबांना मात्र एका दमात कळलं. बाबा मोजणीदार. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या. मी त्यांना सांगितलं की यंत्राच्या लेखी पान नसतं आणि ओळीही नसतात. सगळा मजकूर म्हणजे अक्षरांचा एकच लांबलचक दोरा, आणि कर्सर म्हणजे फक्त एक आकडा, सुरुवातीपासून कितव्या अक्षरानंतर उभं राहायचं त्याचा.

"म्हणजे सगळं एकाच खुंटीपासून मोजायचं," बाबा म्हणाले. "आणि अलीकडे कोणी मध्येच जमीन वाढवली तर?"

"तर पलीकडचे सगळे आकडे तेवढ्याने वाढवायचे."

"आणि वाढवायला विसरलं तर?"

"आम्ही विसरत नाही, बाबा."

असं मी म्हणाले होते, तेही ठसक्यात. तो ठसका पुढे मला चांगलाच महागात पडला.

गेल्या वर्षी बाबांना अर्धांगाचा हलका झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, चालणंही सुधारलं, पण उजवा हात थरथरायचा. आई जाऊन चार वर्षं झाली होती, घरात बाबा एकटे. दादाचं घर तिथून दोन गल्ल्या सोडून आणि मी रेल्वेने पाच तासांवर. डॉक्टरांनी सांगितलं, हाताला व्यायाम म्हणून रोज अर्धा तास टाइप करू द्या. दादाला बाजूला घेऊन आणखी एक सांगितलं: डोक्यात गोंधळ होतोय का, त्यावर लक्ष ठेवा.

टाइप करायचं म्हटल्यावर मी कशी मागे राहणार? आमच्या एडिटरची नवी आवृत्ती नुकतीच तयार होत होती. दोन माणसांनी दोन गावांतून एकाच पानावर लिहायचं, ही तिची खासियत. ती अजून बाहेर कुणाला दिली नव्हती, पण बाबा घरचेच, म्हणून त्यांच्या कॉम्प्युटरवर बसवून टाकली. रोज सकाळी आठला बाबा पानाच्या तळाशी त्यांच्या मोजणीच्या आठवणी लिहायचे. मी चहाचा कप हातात धरून पानाच्या माथ्यावर एखादी ओळ लिहायचे, बहुतेक वेळा प्रश्न. ओळ पुरी करून मी बटण दाबलं की ती एकदम त्यांच्याकडे उमटायची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दोन भावांच्या भांडणाची हकिगत सुरू केली. दोघांच्या जमिनीमधला हद्दीचा दगड रातोरात सरकवलाय, असं धाकटा शपथेवर सांगत होता. बाबा एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत, खाली मान घालून लिहायचे. मी वाचायला अधीर झालेली असायचे.

पण पहिल्या दिवसापासूनच पानावर भलतंच दिसायला लागलं. हे बघा, त्यांची एक ओळ जशीच्या तशी:

दगड शोधायला आन मोजलं.म्ही चौघे गेलो होतो. मग मी पहिल्यापासू

त्यांना लिहायचं होतं, 'दगड शोधायला आम्ही चौघे गेलो होतो. मग मी पहिल्यापासून मोजलं.' शेवटचा तुकडा मागे जाऊन 'आम्ही'च्या पोटात घुसला होता. बाबांनी मान वर केली तेव्हा हे दिसलं. त्यांनी ते पुसलं नाही. नीट लावायचं तर माऊस लागणार, आणि माऊस त्यांच्या थरथरत्या हाताखालून पळायचा, म्हणून त्याला ते शिवतच नसत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच, तिसऱ्या दिवशी पुन्हा.

दादाने ती पानं छापून डॉक्टरांना दाखवली. डॉक्टरांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, एकट्याने राहणं आता बरं नाही. दादाचा मला फोन आला. "वाक्य सुरू एकीकडे करतात, संपवतात भलतीकडे. तू रोज बघतेस ना?"

"बघते," मी म्हणाले. "मलाही तसंच वाटतं."

हे मी म्हणाले. दिवसाचे दहा तास कर्सर कुठे जातो हेच बघणारी मी! वर बाबांना फोन करून शहाणपणाही शिकवला, "बाबा, जरा लक्ष देऊन टाइप करा ना." ते म्हणाले, "देतोय गं लक्ष."

दोन महिने त्यांनी तग धरला. मग एक दिवस पानावर एकच वाक्य आलं, 'आता माझ्या हातून होत नाही', आणि त्यानंतर काही आलं नाही. दगडाची हकिगत अर्ध्यावरच राहिली. ते दादाकडे राहायला जायला कबूल झाले. मोजणीची साखळी त्यांनी शेजारच्या शाळेला देऊन टाकली. त्यांना कधी कुणाकडे पाहुणा म्हणून चार दिवसही करमलं नव्हतं. रविवारी हलायचं ठरलं.

शुक्रवारी दुपारी मी ऑफिसात बसून त्यांच्या पानांची नक्कल काढून ती नीट करत होते. वाक्यं जोडून, छापून, बांधून त्यांच्या हातात द्यावीत, तेवढंच समाधान. शेजारच्या खुर्चीवर आमच्या दोघींतली दुसरी, चिकटपट्टी, बसते. एखादी चूक हाती लागली की सोडत नाही म्हणून ऑफिसने तिला हे नाव दिलंय, आणि तिला ते आवडतं. ती माझ्या पडद्यात डोकावली.

"हे कुणाचं?"

"माझ्या वडिलांचं. आजारपणानंतर गोंधळ होतो त्यांचा."

ती वाचत राहिली. "गोंधळलेला माणूस इतका शिस्तीत गोंधळतो का गं? रोज एकदाच तुटलंय. तुटल्यापुढचं सगळं सलग, धड आहे. नुसतं मागे पडलंय. किती मागे पडलंय ते मोजलंस?"

मोजणीदाराची मुलगी मी, आणि मोजलं नव्हतं. आमच्या एडिटरमध्ये काना-मात्रेसकट एक अक्षर, मग ते जोडाक्षर का असेना, ही एक जागा, मधली मोकळी जागा ही एक जागा, स्वल्पविराम, पूर्णविरामही तसेच. 'पहिल्यापासू'पासून मागे 'म्ही'पर्यंत मोजलं. बावीस. त्या दिवशी सकाळी माथ्यावर मी लिहिलेली ओळ काढली: 'बाबा, हाताला आज बरं वाटतंय का?' एकवीस. आणि ओळ संपल्याची खूण एक.

पुढचा दिवस मोजला, माझी ओळ सदतीस, त्यांचं वाक्य सदतीस मागे. त्याच्या पुढचा, त्रेपन्न आणि त्रेपन्न. मध्ये मी चार दिवस तापाने पडून होते आणि काही लिहिलं नव्हतं. त्या चार दिवसांची पानं इतकी स्वच्छ होती की शाळेत फळ्यावर लावावीत.

माथ्यावर मी जमीन वाढवत होते आणि तळाशी बाबांचा आकडा होता तिथेच राहत होता. तो वाढवायला मी विसरले होते. ऑफिसात हे आम्हाला कधीच दिसलं नाही, कारण आम्ही दोघी सवयीने लिहिण्याआधी माऊसने टिचकी मारतो, आणि टिचकी मारली की कर्सरला नवा, बरोबर आकडा मिळतो. माऊसला न शिवणारा माणूस आमच्या हिशोबातच नव्हता. सकाळी आठला त्यांच्या हाताची चौकशी करून मीच त्यांना रोज मागे ढकलत होते.

चिकटपट्टीने खुर्ची ओढली, आणि संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी ते दुरुस्त केलं. शनिवारी पहाटेच्या गाडीने मी निघाले. हे फोनवर सांगायची माझी हिंमत नव्हती.

घरी दादा कपाट रिकामं करत होता. बाबा खुर्चीत बसून कुठला सदरा ठेवायचा आणि कुठला नाही ते सांगत होते. मी चपला काढल्या आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, आकड्यांसकट. दादा हातातली उशी घेऊन तसाच पलंगावर बसला.

"म्हणजे बाबांना काहीच..." त्याने वाक्य अर्धंच सोडलं. "आणि ती पानं घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो."

बाबा खूश होतील असं मला प्रवासभर वाटत होतं. ते खूश झाले नाहीत. खिडकीकडे बघत राहिले.

"रात्री मी अंथरुणात पाढे म्हणायचो," ते म्हणाले. "तिसाच्या पाढ्यापर्यंत. सगळे बरोबर यायचे. सकाळी पान बघितलं की वाटायचं, पाढेच तेवढे उरले असतील." मग माझ्याकडे वळले. "दादाचं सोड. तुला तर आतलं सगळं माहीत. तुलाही खरं वाटलं?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "तोंडी नको. फेरमोजणी करू."

आयुष्यभर त्यांनी कुणाच्या शब्दावर हद्द मानली नाही, तर आता माझ्या शब्दावर काय मानणार? दुरुस्त केलेली आवृत्ती मी त्यांच्या कॉम्प्युटरवर बसवली. ते तिथे बसले, मला लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात पाठवलं आणि खुर्चीतूनच आवाज दिला, "वर लिही. चांगलं भरपूर लिही. सारखं पाठवत राहा."

मी लिहीत सुटले. काय लिहायचं हे ठरवावं लागलं नाही. लिहिलं की माझं चुकलं. चुकलेला आकडा तर चुकलाच, पण त्याहून मोठं म्हणजे मी आधी तुमच्यावर संशय घेतला आणि माझ्या कामावर शेवटी. लिहिलं की 'लक्ष देऊन टाइप करा' हे मी म्हणाले ते मला रोज ऐकू येतं. ओळीमागून ओळ पाठवली. डोळे पुसायला थांबले तेवढीच थांबले. पानाच्या तळाशी त्यांचा मजकूर सावकाश वाढत होता, आणि मला तिकडे बघायची भीती वाटत होती.

"झालं," बाहेरून आवाज आला. "या इकडे दोघं."

तळाशी त्यांनी लिहिलं होतं: 'मग मी पहिल्यापासून मोजलं. दगड होता तिथेच होता. आधीच्या मोजणीवाल्याने खुंटी चुकीच्या जागी ठोकली होती.' एक अक्षर हललं नव्हतं. दादाने ते दोनदा वाचलं, मोठ्याने. मग बाबांनी मागे न बघता डावा हात त्याच्यापुढे पसरला.

"किल्ली दे घराची."

दादाने खिशातून काढून ती त्यांच्या तळहातावर ठेवली. "सदरे परत लावतो," तो म्हणाला आणि आत गेला. जाताना माझ्या डोक्यावर टपली मारून गेला.

माथ्यावर मी काय लिहिलंय ते बाबांनी अजून वाचलं नव्हतं. त्यांनी वरच्या बाणावर बोट ठेवलं. माऊसला शिवायचं नाहीच. एकेक ओळ वर चढत कर्सर दोन महिन्यांच्या तुटक्या वाक्यांमधून गेला आणि पार माथ्यावर पोचला. तिथून त्यांनी माझी एकेक ओळ खाली उतरत वाचली. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होते. माझ्या शेवटच्या पूर्णविरामाशी ते थांबले. बोट थरथरत होतं. त्यांनी ते थांबू दिलं आणि लगतच, मध्ये एकच जागा सोडून, लिहिलं:

'वाचलं. उद्या आठला प्रश्न विचार.'