चौथं बोट

दिपाचा खालचा ओठ फाटला त्याला पाच दिवस झाले होते. जखम कधीच सुकली होती, तरी शिला घडीघडीला लेकराचा ओठ उलटून बघत होती.

ओठ फाटला तो सायकलवर. डोंगरकडा या त्यांच्या गावापासून चार किलोमीटरवर, टेकाडाच्या पलीकडे एक तांडा आहे. तिथल्या वस्तीशाळेवर शिकवायला बी.ए. झालेल्या शिलाचं नाव लागलं होतं. दोन हजार दोन सालचा मे सरत आला होता आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडायची होती. तांड्याला एसटी जात नाही, रस्ता म्हणजे दगडगोट्यांची पांदण. दिपा पावणेदोन वर्षांची, अजून अंगावर पिणारी. सासूबाई द्वारकाबाई दिवस उगवला की शेतावर, आणि नवरा भागवत वसमतला हळदीच्या आडतीवर, आठवड्याने घरी येणारा. म्हणजे शाळा करायची तर लेकरू संगं न्यायचं, दुसरा इलाज नाही.

हँडलच्या मागे वेताची खुर्ची बांधून ती एकदा दिपाला घेऊन वाट बघून आली. येताना टेकाडाच्या उतारावर पुढचं चाक दगडावर आदळलं. सायकलच्या पुढच्या चाकाला शॉकअपचा, म्हणजे दणका झेलणारा, चिमटा होता, पण नावापुरता. आडवी दोन बोटं दबायचा, की लोखंडावर लोखंड खाड्‌दिशी बसायचं. त्या दणक्यात दिपाचे कोवळे दात तिच्याच ओठात रुतले.

"नोकरी गेली चुलीत," द्वारकाबाईंनी निकाल देऊन टाकला. "आपल्या लेकराचं थोबाड फोडून कोणाची लेकरं शानी करायची हायती माय तुला?"

 तो खाड् आवाज शिलाच्याही कानातून जात नव्हता. पण तांड्यावरची पोरंही डोळ्यांपुढून हलत नव्हती. तांड्याचा नाईक खेमा, त्याने त्या दिवशी सतरा पोरांना आंघोळी घालून, तेल लावून ओळीने बसवलं होतं आणि म्हणाला होता, "दोन मास्तर आले अन् गेले. तुमी निदान दिवाळीपतोर तरी टिका, मास्तरीणबाई."

सहाव्या दिवशी तिने सायकल रतनसिंगच्या दुकानात नेली. रतनसिंग भागवतचा शाळेतला जोडीदार.

"रतनभाऊ, याच्याहून जास्त दबणारा चिमटा आहे का?"

रतनसिंगने माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेला एक चिमटा काढला. नांदेडच्या भंगारातून आणलेला, कुठल्याशा परदेशी सायकलचा. वरच्या दोन नळ्या आरशासारख्या चकचकीत, खालच्या काळ्या. वरच्या खालच्यांत सरकत होत्या.

"चार बोटं दबते हा. पण वहिनी, हे उड्या मारणाऱ्या पोरांचं काम. लांब चिमट्यानं सायकलचं तोंड वर होते. अन् उताराला..."

"दोन बोटांनी लेकराचा ओठ फुटला," शिला मध्येच म्हणाली. "चार बोटांनी फुटणार नाही. हाच लावा."

पंक्चर काढायला बसलेले उकंडराव बिडी झटकत म्हणाले, "सा बोटांचा असंल तर तो बी दाव रे. बाई इमानच उडवून राहिली."

रतनसिंगने खांदे उडवले. "लावतो. बराबर बसला न्हाई तर परत आणा, काही तकलीफ न्हाई."

नवी चकाकी बघून द्वारकाबाईंना नजरेची धास्ती पडली. दिपाच्या करदोड्याचा उरलेला काळा दोरा त्यांनी काढला आणि चकचकीत नळी जिथे काळ्या नळीत शिरते तिथे, काळ्या नळीच्या तोंडावरच्या रबराच्या अगदी कडेला, गुंडाळून गाठ मारली.

"एवढी चकचक. साऱ्या गावाची नजर पडंल. अन् सांगून ठेवते, लेकरू इतक्यात बसवायचं न्हाई."

शिला तरी कशाला बसवते! अंगणवाडीच्या काट्यावर दिपा साडेनऊ किलो भरली होती. तिने साडेनऊ किलो ज्वारी पिशवीत भरली, पिशवीला दिपाचा पिवळा फ्रॉक चढवला, वर टोपडं बांधलं आणि ओढणीने ती वेताच्या खुर्चीत करकचून आवळली. द्वारकाबाई पदरात तोंड लपवून हसल्या. सहा दिवसांत पहिल्यांदा.

जाताना सायकल झोपाळ्यासारखी चालली. दगड आला की चिमटा मऊ दबायचा, वर यायचा. तांड्यावर पोहोचली तेव्हा शिलाच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

खेमाने खुर्चीत वाकून पाहिलं. "पोरगी लई गुणाची हाय हो. चूं न्हाई की चां न्हाई."

"ज्वारी आहे, नाईक."

"तरीच! आमची पोरं बी अशी असती तं मास्तर पळाले नसते."

परतीला तोच उतार आला. शिलाने भीतभीत पुढचा ब्रेक दाबला. सायकलच्या तोंडाने एकदम बुडी मारली. चिमटा दबत गेला, दबतच गेला, मागचं चाक हलकं झालं, शिलाचा सगळा भार हातांवर आला. ओढणी सरकली आणि पिवळा फ्रॉक हँडलवरून पुढे दगडांत पडला. पिशवी फाटली. ज्वारी पांदणभर पसरली.

चाकाखाली आलेलं टोपडं तिने ओढून काढलं आणि मुठीत घट्ट धरलं. मग घरापर्यंत सायकल हातात धरून चालत आली. वर एकदाही बसली नाही.

द्वारकाबाईंनी मातीने माखलेला फ्रॉक पाहिला.  नजर उतरवायला मीठमोहऱ्या घेऊन चाकापाशी वाकल्या आणि तशाच थबकल्या.

"अगं माय! दोरा कुठं चढला बघ. मी तं पार रबरापाशी बांधला व्हता. कोणी हात लावला?"

"कोणी नाही, आत्या."

"मग नजरंनंच ढकलला वर. काहून म्हणत व्हते मी..."

शिला उकिडवी बसली. दोरा खरंच वर चढला होता. तिने रबर आणि दोऱ्याच्या मध्ये बोटं लावली. एक, दोन, तीन, चार. बरोबर चार. तिने दोरा खाली सरकवला आणि हँडलवर भार देऊन दाबलं. काळ्या नळीचं रबर दोऱ्याला ढकलत वर गेलं. भार काढला तसा चिमटा उसळला, दोरा मात्र वरच राहिला.

"आत्या, नजर नाही ही. चिमटा किती दबला, तिथपर्यंत दोरा जाऊन बसतो."

"दोरा कुठं सांगते का माय असं काही?" द्वारकाबाई म्हणाल्या खऱ्या, पण मीठमोहऱ्या हातातच राहिल्या आणि त्याही वाकून बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी नवी पिशवी, धुतलेला फ्रॉक. शिलाने दोरा रबरापाशी आणला आणि निघाली. चढाचे सगळे दगड ओलांडून थांबली, उतरून बोटं लावली. तीनला जरा कमीच. पुन्हा मागे गेली, मुद्दाम मोठ्या दगडांवरून आली. तीन. उतारावरचे दगड ब्रेक न लावता, दोन्ही पाय जमिनीला घासत ओलांडले. तिथेही तीन. मग सायकल वर ढकलत नेली, पिशवीवर एक हात धरला आणि उतरताना पुढचा ब्रेक दाबला. खाली येऊन पाहिलं, चार.

म्हणजे दगडांना चौथं बोट कधी लागतच नव्हतं. ते नुसतं तोंडघशी पडायच्या कामी येत होतं. आणि ते चौथं बोट तिनेच हट्टाने मागून घेतलं होतं.

दुकानात रतनसिंग चहा पीत होता. "हा तीन बोटांवर थांबवता येईल का?" शिलाने विचारलं आणि दोरा दाखवला, कुठे किती चढला ते सांगितलं.

त्याने कप खाली ठेवला. "हे कोणी शिकवलं तुमाला?"

"आत्यांनी."

रतनसिंग मोठ्याने हसला. चिमटा सोडवून त्याने दोन्ही नळ्यांच्या आत आडव्या बोटाएवढे नळीचे तुकडे बसवले, म्हणजे चिमट्याला दबायला तीनच बोटं जागा उरली, ग्रीस भरलं, पुन्हा जोडला. सायकलचं तोंडही तेवढंच खाली आलं.

"अन् मागचा ब्रेक आधी दाबायचा, वहिनी. पुढचा मागून, हलक्या हातानं. परवा हेच सांगून राहिलो व्हतो, तुमी बोलूच दिलं न्हाई."

"घाबरले होते," शिला म्हणाली. "घाबरलं की मला ऐकूच येत नाही."

त्यानंतर रोज एक फेरी. ज्वारी तांड्यावर जायची आणि यायची. खेमाच्या तांड्यावरची पोरं तिला लांबूनच "जवारीबाई आली" म्हणू लागली. दोरा तीनच्या वर गेला नाही, पिशवी खुर्चीतून हलली नाही. रोज संध्याकाळी द्वारकाबाई शेतावरून आल्या की हातपाय धुवायच्या आधी विचारायच्या, "आज किती?"

शाळा उघडायचा दिवस आला. दिपाला न्हाऊ घातलं, तोच पिवळा फ्रॉक घातला, खुर्चीत बसवलं. शिलाने ओढणीची गाठ मारली. तिने गाठ सोडली, पुन्हा मारली, पुन्हा सोडली.

"आत्या, आजचा एक दिवस अजून ज्वारीच नेऊ का?"

द्वारकाबाई खुरपं बाजूला ठेवून चाकापाशी बसल्या. दोरा बोटाने खाली सरकवला, थेट रबरापर्यंत, आणि दिपाच्या गुडघ्यावर हलकेच थापटलं.

"जवारीचं शिकून झालं आता. जा."

ओढणीची गाठ त्यांनीच मारली.

दिवस कसा गेला ते शिलाला नंतर नीट आठवलं नाही. फळ्यावर अ काढताना खडू दोनदा तुटला एवढं आठवत होतं, आणि दिपा खेमाच्या नातीच्या मांडीवर बसून पाटी चाटत होती. परतीला उतार आला. शिलाने मागचा ब्रेक दाबला, मग हलक्या हाताने पुढचा. सायकलचं तोंड किंचित वाकलं आणि तिथेच थांबलं. दगड आला, गेला. दुसरा आला, गेला. ज्या जागी ज्वारी सांडली होती तिथे चिमण्या अजून दाणे शोधत होत्या. चाक जवळ आलं तशा भुर्रकन उडाल्या.

"पुना!" दिपा दोन्ही हात वर करून ओरडली. "आई, पुना!"

दारात द्वारकाबाई उभ्या होत्या. आज त्या शेतावरून लवकर आल्या होत्या. त्यांनी आधी लेकराचा ओठ उलटून बघितला, मग वाकून दोऱ्याखाली बोटं लावली.

"तीन बी न्हाईत," त्या म्हणाल्या. गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि चुलीकडे वळल्या. "उद्या भाकरी कितीला करू? आठ वाजता निघती ना तू?"