फाटकाचं काम

डेझमंड ब्रेकवेल रोज सकाळी फाटक दुरुस्त करायचा. फाटकाला काहीही झालेलं नव्हतं.

बिजागऱ्या तेलाने थबथबलेल्या होत्या, खांब बैलाने धडक दिली तरी हलले नसते, आणि रंगाचे इतके थर बसले होते की फाटक वर्षागणिक जाड होत चाललं होतं. तरीही नाश्ता उरकला की साठी ओलांडलेला हा एकटा गडी हातोडी आणि तेलाची झारी घेऊन खालच्या कुरणाकडे निघायचा. मागे मेंढ्या राखणारी कुत्री, टॅन्सी. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत धाकटी बहीण ग्लेनिस. घटस्फोट घेऊन ती माहेरी परतली ती जिभेची धार घेऊनच.

"एवढं तेल मला दिलंस तर शुक्रवारचे मासे तळून होतील," ती म्हणायची.

"बिजागरी कुरकुरते."

"बिजागरी नाही रे कुरकुरत. तू कुरकुरतोस."

हे फाटक आमच्याकडे चुंबनाचं फाटक म्हणतात त्यातलं. अर्ध्या गोलाचं कुंपण आणि त्यात झुलणारी लाकडी चौकट. आत शिरायचं, चौकट मागे ढकलायची, पलीकडे निघायचं. एका वेळी एकच माणूस. मेंढरांना हे जमत नाही. आणि रीत अशी की पुढे गेलेल्याने चौकट धरून ठेवायची आणि मागच्याकडून फी वसूल करायची. फी कसली ते नावातच आहे. आमच्या ऑल्डरकोट गावातली निम्मी लग्नं या फाटकाने जुळवली असतील, पण फाटकाच्या मालकाने जन्मात कुणाकडे फी मागितली नव्हती.

या फाटकातून सायकल मात्र जात नाही. सगळी गोष्ट इथेच आहे.

ऑड्री पार्डो हिरव्या सायकलवरून यायची. शेजारच्या नेदरलीच्या बेकरीत ती कामाला होती. नवरा पोस्टमन होता, त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती फाटकापाशी उतरायची, डेझमंड हातोडी खाली ठेवायचा आणि ती सायकल नुकतं जन्मलेलं कोकरू उचलावं तशी अलगद उचलून पलीकडे ठेवायचा. तोवर ऑड्री फाटकातून पलीकडे यायची.

"आज उघडीप राहील बहुतेक," डेझमंड म्हणायचा.

"बहुतेक."

"वारा आहे पण."

"वारा आहे खरा."

एवढं बोलणं झालं की त्याला दिवस सत्कारणी लागल्यासारखं वाटायचं. परत येताना ऑड्री बेकरीत उरलेला मनुकांचा पाव कागदात गुंडाळून खांबावर ठेवून जायची. त्यातला तुकडाही ग्लेनिसला मिळत नसे, आणि तिने कधी मागितलाही नाही. सहा वर्षं हे असंच चाललं होतं.

आता ही वाट खरं म्हणजे ब्रेकवेलांच्या मालकीची. गावाला तिच्यावरून चालायची मुभा डेझमंडच्या आजोबांनी दिली, पण म्हातारा सावध होता. वर्षातून एक दिवस, फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी, त्याने फाटकाला कुलूप घालायला सुरुवात केली. एक दिवस बंद राहिली की वाट आपली राहते, नाहीतर उद्या लोक म्हणतील आमचीच, असा त्याचा हिशेब. आजोबांनंतर वडिलांनी कुलूप घातलं, वडिलांनंतर डेझमंडने. त्या दिवशी आमचं चालणाऱ्यांचं मंडळ बूट-काठ्यांसह फाटकापर्यंत येतं. पाळी असेल तो फाटक हलवून बघतो आणि म्हणतो, "बंद आहे." बाकीचे म्हणतात, "बंदच आहे." मग सगळे मागे फिरून पबमध्ये जातात आणि ब्रेकवेलांच्या नावाने पेला उंचावतात. बाहेरची माणसं यावर हसतात. कशाला हसतात, आम्हाला कळत नाही.

तर नाताळानंतर एक नवीनच प्रकरण उपटलं. जुन्या रेल्वेचे रूळ उखडून कितीतरी वर्षं झाली होती, त्या जागेवर सायकलींसाठी रस्ता झाला. ऑल्डरकोट ते नेदरली, एका दमात. फीत कापली, बँड वाजला, घट्ट कपड्यातले सायकलवाले लांबून लांबून आले. डेझमंडही गेला आणि गर्दीत नेमका ऑड्रीच्या शेजारी उभा राहिला. या रस्त्यावर एकही फाटक नाही हे त्याने मोजून घेतलं होतं. उद्यापासून ऑड्री इथून गेली तर? गप्प बसला असता तरी चाललं असतं. पण चारचौघांत गप्प उभं राहणं बरं दिसत नाही.

"तुमची सोय झाली," तो म्हणाला.

ऑड्रीने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "तुम्हाला असं वाटतं?"

"सपाट आहे. चिखल नाही. फाटकं नाहीत."

"तुमचाही त्रास वाचेल. रोज सायकल उचलायचा."

'त्रास कसला' एवढे दोन शब्द पुरले असते. पण समोरचं माणूस सोयीचं बोलत असताना आडवं बोलणं आमच्याकडे उद्धटपणात जमा होतं.

"ते एक आहेच," डेझमंड म्हणाला, आणि सॉसेज रोल आणायला गेला.

दुसऱ्या दिवसापासून ऑड्री यायची थांबली.

डेझमंड फाटकापाशी जातच राहिला. नकाशे गळ्यात लटकवलेली जोडपी यायची, फाटकात एकमेकांची फी चुकती करायची आणि त्यालाच फोटो काढायला लावायची. मंडळाचे म्होरके क्लाइव्ह टिमिन्स रोज तिथून जाताना गुडघ्याची तक्रार सांगायचे. ओढ्याकाठी स्नोड्रॉपची पांढरी फुलं आली, कोकरं जन्माला यायला लागली, पण डेझमंडचं लक्ष कशात नव्हतं. एकदा त्याने एकाच कोकराला दोन बाटल्या दूध पाजलं आणि दुसरं बें बें करत त्याच्या बुटावर बसून राहिलं. रस्त्याचं भलं होवो असं तो तोंडाने म्हणायचा, आणि मनातून त्या डांबरावर पहिल्या पावसातच खड्डे पडावेत अशी इच्छा करायचा.

कुलपाच्या आदल्या संध्याकाळी ग्लेनिसचा धीर सुटला. मटणाची पेस्ट्री आणि मटार तिने ताटात वाढले की आपटले हे सांगता येणार नाही.

"ऑड्री राहते कुठे?" तिने विचारलं.

"चर्चच्या मागे. का?"

"आणि बेकरी?"

"नेदरलीला. पुलाशी."

"चर्चपासून पुलापर्यंत सरळ सडक आहे की नाही?"

"आहे की. उताराचीच आहे. पेडलसुद्धा मारावं लागत नाही."

"नवीन नाही ना ती?"

"छे. आजोबांच्याही आधीची."

"मग सहा वर्षं ती बाई डोंगर चढून तुझ्या कुरणात काय मेंढ्या मोजायला येत होती?"

डेझमंडचा काटा हवेतच थांबला. पंचक्रोशीतली प्रत्येक वाट त्याला ठाऊक होती. वाट चुकलेल्यांना तो डोळे मिटून रस्ता सांगायचा. पण या बाईच्या वाटेचा त्याने कधी विचारच केला नव्हता.

"ही वाट चढाची आहे," तो हळूच म्हणाला. "आणि चिखल."

"आणि मध्ये फाटक."

"आणि त्यातून सायकल जात नाही."

"जेव आता," ग्लेनिस म्हणाली. "गार होतंय."

जेवण कसलं जातंय. आपण तिला काय बोलून बसलो हे त्याच्या आता ध्यानात आलं. एवढा वळसा घालून ती यायची आणि आपण तिला सांगितलं, तिकडून जा, सोयीचं आहे.

रविवारी उजाडताच तो कुलूप घेऊन कुरणात गेला. आजोबांचं कुलूप, मुठीएवढं, लोखंडी. साखळी त्याने फाटकाभोवती गुंडाळली. खालून काठ्यांचा आवाज यायला लागला तेव्हा तो पुढे झाला आणि वाटेच्या वळणावर त्याला मंडळ दिसलं. सर्वांत पुढे क्लाइव्ह, आणि त्यांच्या शेजारी निळ्या टोपीत ऑड्री. तीही मंडळातलीच; फाटक हलवायची पाळी यंदा तिच्यावर आली होती, आणि पाळी नाकारायची आमच्यात पद्धत नाही.

डेझमंडच्या हातात कुलूप जड झालं. वडिलांनी तापातून उठून, कोट पांघरून हे कुलूप घातलं होतं ते त्याला आठवलं. एक वर्ष चुकलं तर वाट हातची जाईल हे वाक्य तो दुधाबरोबर प्यायला होता. पण आज कुलूप घातलं तर ऑड्री येणार, फाटक हलवणार, आणि तिला दुसऱ्यांदा तेच ऐकू येणार, की इकडे येऊ नकोस. त्याने साखळी सोडली, कुलूप खिशात टाकलं आणि चार पावलं मागे सरून उभा राहिला. टॅन्सी त्याच्याकडे बघत खाली बसली.

ऑड्रीने त्याच्याकडे न बघता फाटकाला हात घातला आणि हलवलं. इतकं तेल प्यायलेलं ते फाटक आवाजही न करता सताड उघडलं, आणि ती तोल जाता जाता कशीबशी सावरली.

असं कधी झालंच नव्हतं.

"उघडं आहे," शेवटी क्लाइव्ह म्हणाले.

"उघडंच आहे," बाकीचे म्हणाले, सवयीने.

"विसरला असणार," क्लाइव्ह आवाज खाली आणून म्हणाले. "आपण पाहिलंच नाही असं करू आणि मागे फिरू. उगाच त्याला अवघडल्यासारखं नको व्हायला."

सगळ्यांना हे पटलं. डेझमंड चार पावलांवर उभा होता आणि त्याला शब्द न् शब्द ऐकू येत होता. काहीजण वळलेसुद्धा.

"विसरलो नाही," डेझमंड म्हणाला. त्याने खिशातून कुलूप काढून दाखवलं. "लावलं नाही."

"अहो पण वाट?" क्लाइव्ह म्हणाले. "आजोबा तुमचे..."

"आजोबांना फाटकापाशी कुणाची वाट बघायची नव्हती," डेझमंड म्हणाला. मग तो ऑड्रीकडे वळला. कानापर्यंत लाल झाला होता, पण थांबला नाही. "त्या दिवशी मी सोय झाली म्हणालो. ते खोटं होतं. माझी फार गैरसोय झाली आहे. मला सायकल उचलायचा त्रास नव्हता. मला दिवसभरात तेवढंच एक काम आवडायचं."

ऑड्री चौकट धरून उभी होती. तिने टोपी सारखी केली.

"तो नवा रस्ता," ती म्हणाली, "तुम्ही म्हणालात तसाच आहे. सपाट."

"हो ना."

"जो येतो तो घंटी वाजवून पुढे जातो. आज उघडीप राहील की नाही हे इतक्या आठवड्यांत मला एकाही माणसाने सांगितलं नाही."

"राहील," डेझमंड म्हणाला. "बहुतेक."

ऑड्री हसली आणि फाटकाच्या गोलात आली. तिला पलीकडे निघायचं तर चौकट मागे जायला हवी होती. डेझमंड पुढे झाला आणि त्याने चौकट धरून ठेवली. सहा वर्षं तेल पाजलेलं फाटक, त्याला धरायला काय जोर लागणार, पण त्याने दोन्ही हातांनी धरलं होतं.

"या फाटकाची फी असते एक," तो म्हणाला.

"माहीत आहे," ऑड्री म्हणाली. "कधीची हातात घेऊन हिंडतेय. घेणाराच पुढे येईना."

"ससाणा," क्लाइव्ह एकदम म्हणाले आणि काठीने वर दाखवलं. सगळ्या मंडळाने माना वर केल्या. आकाशात काही म्हणजे काही नव्हतं, पण आम्ही ते बराच वेळ, मन लावून बघत राहिलो.

माना खाली आल्या तेव्हा ऑड्री पलीकडे होती आणि डेझमंडच्या डोक्यावर निळी टोपी होती, ती कशी ते दोघांनाही सांगता आलं नसतं. मग प्रश्न आला बाकीच्यांनी काय करायचं. पबला जायचं तर आज मागे फिरायचं कारणच उरलं नव्हतं. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्या रविवारी मंडळ फाटकातून पुढे गेलं, एकेक करून, दर वेळी 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत. एवढ्यात घराकडून ग्लेनिस आली. पलीकडून तिने चौकटीवर हात ठेवला, तेव्हा आत क्लाइव्ह होते.

"गुडघा दुखतोय हो माझा," क्लाइव्ह म्हणाले.

"मी गुडघा मागितला नाहीये," ग्लेनिस म्हणाली.

आम्ही पुन्हा ससाणा बघितला.

कुरणाच्या वरच्या टोकापर्यंत डेझमंड आणि ऑड्री सगळ्यांच्या मागून चालत आले. खाली नवा सायकलींचा रस्ता उन्हात चकाकत होता आणि त्यावरून लाल-पिवळे ठिपके भरधाव जात होते. डेझमंडला आज त्या रस्त्याबद्दल काहीही वाईट वाटलं नाही.

"उद्या सायकल आणते," ऑड्री म्हणाली.

"आणा. मी असेनच. फाटकाचं जरा काम आहे."

"अजून काम आहे? संपणार कधी?"

डेझमंडने मागे वळून फाटकाकडे पाहिलं. ते वाऱ्यावर आपलं आपण झुलत होतं, आवाज न करता.

"आपल्या दोघांच्या हयातीत तरी नाही," तो म्हणाला.