रंगाचा सातवा हात

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फुटबॉल आहे, अमेरिकेत हातात धरून पळतात तसला. खरे तर पांढरा नाहीच. जन्माने मी तपकिरी, अस्सल कातड्याचा, दोन्ही टोकांना निमुळता. हा पांढरेपणा माझ्यावर लादला गेला आणि त्याबद्दल मला कुणी एका शब्दाने विचारले नाही.

लुइझियानातल्या सेंट ओबिन कॉलेजात मी आलो, तेव्हा सामने शनिवारी दुपारी होत. साखर कारखान्यातली माणसे त्या वेळी कामावर असत. बॉयलरवरच्या नेल्सन ब्रूसारने आपल्या मुलाला, अल्सीदला, एकदाही खेळताना पाहिले नव्हते. अशांसाठी एका वर्षी कॉलेजने खांब रोवून दिवे लावले आणि रात्रीचे सामने सुरू केले. नेल्सन कामाच्या कपड्यांनिशीच येऊन कुंपणाशी उभा राहू लागला.

पण दिवे कसले, नुसता मिणमिणाट! त्या उजेडात तपकिरी चेंडू दिसेना. सामानाची खोली सांभाळणाऱ्या ओवीदकाकांनी मला पांढरा रंग फासला. इथवर ठीक होते. पण पहिला सामना जिंकला आणि काकांनी ठरवून टाकले, की जिंकलेला रंग खरवडायचा नाही, त्याच्यावरच नवा हात द्यायचा. संघ जिंकत गेला आणि मी जाड होत गेलो. माझी शिवण बुजली, पकडीची दोरीही बुजली. लोक म्हणत, "काय चमकतोय!" मी चमकत होतो, पण हातात ठरत नव्हतो. ते कुणाच्या लक्षात येईल तर शपथ!

सातवा सामना शेजारच्या गावाशी होता. रात्रीच्या खेळाने पोरे बिघडतात, असे प्राचार्यांचे मत होते. हा सामना हरलात तर दिवे उतरवून पुन्हा दुपारीच खेळा, असे त्यांनी बजावले होते. म्हणजे नेल्सनचे पाहणे संपले असते.

काकांनी नेमका त्याच दुपारी सातवा हात दिला. दमट हवेत तो वाळतोय कशाला! अल्सीदच्या हातून मी तीनदा निसटलो. त्याची छाती पांढरी झाली आणि मध्यंतराला आम्ही तीन गुणांनी मागे होतो.

तेव्हा नेल्सन कुंपण ओलांडून आत आला. त्याने मला उचलले, अंगठा फिरवून पाहिला आणि खिशातून चाकू काढला.

"ए, हात नको लावूस! सहा विजयांचा रंग आहे तो!" ओवीदकाका ओरडले.

"रंग जिंकला का पोरं जिंकली?" नेल्सन भडकला. "चेंडू आहे का साबणाची वडी? तुमच्यापायी माझं पोर शिव्या खातंय!"

त्याने मला एका बाजूने खसाखसा खरवडले. घाईत चाकू लागून कातड्याला खाच पडली, पण मला राग आला नाही. किती दिवसांनी अंगाला हवा लागत होती!

शेवटच्या मिनिटाला, अजून तीन गुणांनी मागेच असताना, अल्सीद मला पोटाशी धरून धावत सुटला. माझी तपकिरी बाजू बाहेर होती. समोरचे खेळाडू पांढरा चेंडू शोधत भलत्याच एका ठेंगण्या पोराच्या अंगावर पडले. सहा गुणांच्या रेषेपलीकडे जाऊन अल्सीदने मला डोक्यावर धरले, तेव्हा कुठे मैदान उसळले. आम्ही जिंकलो होतो.

अल्सीद मला घेऊन कुंपणाकडे धावला. "बाबा, पाहिलंत ना?"

"काय डोंबल पाहणार! चेंडूच दिसेना. मी आपला त्या ठेंगण्याकडे बघत बसलो." मग नेल्सनने बाहीने डोळे पुसले. "दिवे राहिले ना? मग पुढच्या शनिवारी दाखव."

दिवे राहिले. आणि काकांनी काय केले? पुढच्या शनिवारी आठवा हात दिला!

पुढे लखलखीत दिवे आले आणि पांढऱ्या चेंडूची गरज उरली नाही. मला काचेच्या कपाटात ठेवले. पण प्रथा ती प्रथा. दरवर्षी रात्रीच्या पहिल्या सामन्याआधी मला समारंभाने रंग लावतात. टाळ्या वाजतात, खेळायला मात्र कुणी नेत नाही. आता मी भोपळ्यासारखा दिसतो.

एकदा म्हातारा अल्सीद काठी टेकत आला. त्याने मला मांडीवर घेतले आणि बराच वेळ अंगठ्याने चाचपले. शेवटी ती खाच सापडली.

"इथे बाबांचा चाकू लागला होता," तो पोरांना म्हणाला. "एवढी जागा तरी सोडा रे."

पोरांनी माना डोलावल्या, त्याच्याबरोबर फोटो काढले. आठवड्याने ब्रश आला. ती खाच मला अजून आतून जाणवते, पण आता कुणाच्या अंगठ्याला सापडणार नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण जपण्याआधी एकदा हातात घेऊन पाहा. आणि तुमच्यापैकी कुणाच्या खिशात चाकू असेल, तर कृपा करून जरा इकडे या.